सवय लावायचीये? मग फोनचा भोंगा करा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तीन हजारांच्या आसपास वस्ती. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तिथे एक गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला नाहीतर एकमेकांशी बोलायला, आणि साडेआठला दुसरा भोंगा वाजला की सगळे मोकळे. कोविडमध्ये ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हातात मोबाईल आला, तो शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून गावातल्या बायकांनी विषय काढला आणि ग्रामसभेत ठरलं. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीची माणसं, रिटायर झालेले शिक्षक घरोघरी फिरून सांगत होते.

माझं माहेर सांगलीकडचं, त्यामुळे ही बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच आली. सगळे बोलत होते ते मोबाईल बंद ठेवण्याबद्दल, मला मात्र त्या भोंग्याचंच फार वाटलं. कारण भोंगा पण यंत्रच आहे ना, विजेवर चालणारं. दीड तास स्क्रीन लांब ठेवायला त्या गावाने एक यंत्रच कामाला लावलं. आणि ते काम बघा कसं करतं, ठरलेल्या वेळी वाजतं, एकाच गोष्टीसाठी वाजतं, कशासाठी वाजलं ते सगळ्यांना माहीत असतं, संपल्याचंही सांगतं आणि मग दुसऱ्या दिवशीपर्यंत गप्प बसतं. गिरणगावातल्या जुन्या लोकांना विचारा, गिरणीच्या भोंग्यावर अख्ख्या चाळीचा दिवस चालायचा, ज्याच्या घरात गिरणीत जाणारं कोणी नाही त्याचाही.

आपला फोन याच्या बरोब्बर उलटा वागतो. कधीही वाजतो, शंभर कामांसाठी वाजतो, आणि संपल्याचं कधीच सांगत नाही. ते न संपणारं स्क्रोलिंग आहे ना, बोटाने वर ढकलत राहा आणि खाली नवीन येतच राहतं, ते २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने तयार केलं आणि नंतर त्यानेच जाहीरपणे सांगितलं की याचा त्याला पश्चात्ताप होतो. आधी पानाच्या तळाशी 'पुढचं पान' वर क्लिक करावं लागायचं, तेवढ्या क्षणात माणूस भानावर यायचा. तो क्षणच गेला. म्हणून रात्री अकराला 'पाच मिनिटं बघते' म्हणून उघडलेला फोन साडेबाराला ठेवला जातो, आणि यात तुमचा स्वभाव वाईट आहे असं काही नसतं.

तर मी गेली दोन-अडीच वर्षं हेच करतेय, फोनला आधी गप्प करायचं आणि मग त्याला एखाद-दुसऱ्या चांगल्या सवयीचा भोंगा म्हणून वापरायचं. आमच्या घरात मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. नोकरी पुण्यात, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. जे आमच्याकडे चाललं ते कसं केलं ते इथे सांगते, क्रमाने करा, उड्या मारू नका, कारण पहिल्या दोन पायऱ्या सोडून अलार्म लावला की आठवड्यात तो अलार्म नुसता बंद करायची सवय लागते (हे माझं झालं होतं).

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. दोन्ही २०१८ मध्ये आली, बहुतेकांच्या फोनमध्ये पडून आहेत आणि बहुतेकांनी एकदाही उघडलेली नाहीत. उघडा. एकूण किती तास हा आकडा सगळ्यात वर दिसतो, पण तो बघून फार काही कळत नाही, कारण त्यात मॅप लावून गाडी चालवली तेही येतं आणि ऑफिसचं कामही येतं. दोन गोष्टी बघा. फोन दिवसातून किती वेळा उघडला, आणि कुठलं ॲप किती वाजता चाललं. अँड्रॉइडवर ॲपच्या नावावर टॅप केलं की त्या ॲपचा दिवसवार हिशोब दिसतो, किती नोटिफिकेशन आली तेही दिसतं.

मग एका कागदावर तीन ओळी लिहा, कुठल्या वेळी फोन तुमच्या हातात उगाच असतो. माझ्या तीन होत्या. सकाळी उठल्याउठल्या अंथरुणात, दुपारी डबा खाताना, आणि रात्री अकरानंतर. पहिल्या दोन वेळांचं मला फार वाईट वाटलं नाही. तिसरी मात्र लागली, कारण सकाळी चालायला जायचं मी चार वर्षं म्हणत होते आणि जमत नव्हतं, आणि त्याचं कारण सकाळी नव्हतंच, ते रात्री साडेबाराला होतं. हे आकडे बघेपर्यंत मी स्वतःला आळशी समजत होते. तुमची अडलेली सवय एकीकडे आणि तिचं कारण दिवसाच्या भलत्याच टोकाला असं खूप वेळा असतं, म्हणून हा आठवडा वाया गेला असं समजू नका.

सवय एकच घ्या आणि तिला एखाद्या जुन्या गोष्टीच्या मागे बांधा

एकच. चालणं, वाचन, पाणी, योगा, बचत असं सगळं एका सोमवारी सुरू केलेलं पुढच्या सोमवारी शिल्लक नसतं.

आणि ती लिहायची कशी, तर 'रोज वाचन करीन' असं नाही, 'रात्री जेवणाची भांडी घासून झाली की हॉलमधल्या खुर्चीत बसून दहा पानं वाचीन' असं. म्हणजे अमुक झालं की तमुक. पीटर गोलविट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, न्यूयॉर्क विद्यापीठातले, त्यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं, नुसता निश्चय केलेल्यांपेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधी ठरवून ठेवणारे लोक ती गोष्ट जास्त प्रमाणात पार पाडतात. आपल्याकडे हे नवीन नाहीच, दिवेलागण झाली की शुभंकरोति हे त्याच साच्यातलं आहे. दिवा लागला की म्हणायचं, लक्षात ठेवावंच लागत नाही.

बांधायला खुंटी अशी शोधा जी काही झालं तरी रोज होतेच. सकाळचा चहा, मुलाची स्कूल व्हॅन गेली की, कुकर लावला की, ऑफिसमधून येऊन चप्पल काढली की. आणि सवय इतकी छोटी घ्या की ताप असतानाही होईल. मी चालणं सुरू केलं ते 'व्हॅन गेली की घरात परत न जाता सोसायटीला दोन चकरा' एवढंच. आठ मिनिटं. आता चाळीस मिनिटं होतात, पण पहिले दोन महिने मी मुद्दाम वाढवलं नाही.

आता फोन गप्प करायचा

या भागाला एक रविवार दुपार द्या, शांतपणे बसून. भोंगा ऐकू यायचा असेल तर बाकीचा गोंगाट बंद पाहिजे, सगळा खेळ तिथेच आहे.

नोटिफिकेशनपासून सुरू करा. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत सगळी ॲप दिसतात. प्रत्येक ॲपला एकच प्रश्न विचारा, याच्या मागे एखादं खरं माणूस माझी वाट बघत असतं का? फोन, मेसेज, बँक, मुलाच्या शाळेचं ॲप, गॅसची नाहीतर जेवणाची डिलिव्हरी येत असेल तेवढ्यापुरतं ते ॲप. बाकी खरेदीची, गेमची, बातम्यांची, 'तुमच्यासाठी खास ऑफर' वाली सगळी बंद. माझ्याकडे यादीत सत्तरच्या वर ॲप होती, चालू ठेवली नऊ. अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲप नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी विचारतं, तिथे घाईघाईत 'अलाऊ' दाबायची सवय असते आपल्याला, ती सोडा.

व्हॉट्सॲपचं जरा वेगळं, कारण ते बंद करता येत नाही, आपलं अर्धं आयुष्य तिथे आहे. ग्रुप सोडला की माणसं दुखावतात, काकांना वाटतं काय झालं हिला. तर सोडू नका, अर्काइव्ह करा. ग्रुपवर बोट दाबून धरलं की वर तो डब्यासारखा आयकॉन येतो. अर्काइव्ह केलेल्या ग्रुपमध्ये नवीन मेसेज आला तरी आता तो ग्रुप वर उडी मारत नाही, तिथेच राहतो, आणि कोणी तुमचं नाव घेऊन बोलावलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर मात्र कळतं. मी सोसायटी, शाळेच्या मैत्रिणी, दोन्हीकडचे नातेवाईक सगळे अर्काइव्हमध्ये टाकलेत आणि रोज दुपारी चहाच्या वेळी एकदा उघडून बघते, वाढदिवस असेल तर शुभेच्छा देते. अजूनपर्यंत कोणाला कळलेलं नाही की मी दिवसभर तिथे नसते. शिवाय सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली फोटो-व्हिडिओ आपोआप डाऊनलोड होणं बंद करा, फोन भरत नाही आणि सकाळी सकाळी गुड मॉर्निंगची फुलं गॅलरीत येऊन पडत नाहीत.

यूट्यूबचा एक उपाय सांगते जो मला सगळ्यात उपयोगी पडला. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वॉच हिस्टरी पूर्ण पुसा आणि ती नोंद ठेवणंच बंद करा. असं केलं की होम पेज रिकामं होतं, २०२३ पासून यूट्यूब हिस्टरी नसलेल्यांना तिथे व्हिडिओ सुचवत नाही. राहतो फक्त शोधायचा चौकोन आणि तुम्ही सबस्क्राइब केलेली चॅनेल. म्हणजे काय तर मला पुरणाची पोळी बघायची असेल तर मी पुरणपोळी शोधते, बघते आणि बाहेर येते. ऑटोप्ले पण बंद करा, नाहीतर एक संपला की दुसरा आपोआप सुरू.

रीलवाल्या ॲपसाठी टायमर लावता येतो, डिजिटल वेलबीइंगमध्ये ॲपवर दिवसाला वीस मिनिटं असं ठेवलं की वेळ संपल्यावर ते बंद होतं आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा उघडतं. पण हा टायमर आपणच लावलेला, आपणच काढू शकतो, आणि काढला जातो. आयफोनवर स्क्रीन टाइमला पासकोड ठेवता येतो, तो नवऱ्याला किंवा बहिणीला टाकायला सांगा आणि तुम्हाला सांगू नको म्हणा. अँड्रॉइडवाल्यांनी सरळ ॲप काढून टाकावं आणि बघायचंच असेल तर ब्राउझरमध्ये लॉगिन करून बघावं, तिथे ते इतकं गैरसोयीचं असतं की माणूस कामापुरतं बघून उठतो. जी गोष्ट कमी करायची तिच्या वाटेत चार पायऱ्या घाला आणि जी वाढवायची तिच्या वाटेतल्या पायऱ्या काढा, माझ्या होम स्क्रीनवर आता फक्त फोन, कॅमेरा, मॅप, बँक आणि पुस्तकाचं ॲप आहे.

आणि 'डू नॉट डिस्टर्ब' लावायला लोक घाबरतात ते एका कारणाने, गावाकडे आईवडील असतात, रात्री काही झालं तर? त्याची सोय आहे. कॉन्टॅक्टमध्ये आईवडील, भाऊ, शेजारच्या काकू यांना स्टार करा आणि सेटिंगमध्ये स्टार केलेल्यांचे कॉल येऊ द्या असं ठेवा. त्याशिवाय 'रिपीट कॉलर्स' चालू करा, म्हणजे अनोळखी नंबरवरून कोणी पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो (आयफोनवर तीन मिनिटांत). हे एकदा करून भावाला फोन करायला लावून तपासा, मग बिनधास्त झोपा. माझे वडील हृदयाचे पेशंट आहेत, हे तपासल्याशिवाय मी रात्री फोन बाहेर ठेवूच शकले नसते.

भोंगा लावायचा

फोन गप्प झाला. आता त्यातून एकच आवाज काढायचा, तुमच्या सवयीचा.

साधं घड्याळाचं ॲप पुरे, पैसे भरून काही घ्यायची गरज नाही. अलार्म लावताना तीन गोष्टी बघा. पहिली, अलार्मचं नाव. 'अलार्म ६' असं नको, त्यात जे करायचं तेच पहिलं हालचालीचं काम लिहा, 'बूट घाल', 'पुस्तक हातात घे', 'फोन टोपलीत ठेव'. दुसरी, आवाज. रोजच्या उठायच्या अलार्मचा नाही, कॉलचा नाही, असा वेगळाच, म्हणजे घरातल्या सगळ्यांना ऐकल्यावर कळेल की हा कशाचा. तिसरी, संपल्याचा दुसरा अलार्म. हे बहुतेक लोक करत नाहीत. वडगावात साडेआठचा भोंगा नसता तर मला वाटतं पोरं सात वाजल्यापासून घड्याळच बघत बसली असती. शेवट माहीत असला की मधला वेळ माणूस मोकळेपणाने देतो. आमच्याकडे रात्री ९ ला वाचनाचा आवाज होतो, नऊ पस्तीसला दुसरा, तो झाला की मुलगा उठून काहीही करू शकतो, त्यावर आम्ही काही बोलत नाही.

सासूबाईंच्या गोळीचं सांगते कारण त्यावरून मला भोंग्याचं मर्म कळलं. त्यांना बीपीची गोळी रोज सकाळी नाश्त्यानंतर. अलार्म लावून दिला होता, वाजला की त्या बंद करायच्या, आणि मग देवपूजेत, भाजी निवडण्यात गोळी राहून जायची, आणि दुपारी आठवायचं नाही की घेतली का नाही घेतली. तो 'टींटींटीं' त्यांना काही सांगतच नव्हता. मग मुलाने स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं, "आजी, गोळी घे, पाण्याचा पेला तिथेच आहे." अँड्रॉइडच्या घड्याळ ॲपमध्ये अलार्मचा आवाज निवडताना फोनमधली कुठलीही ऑडिओ फाईल घालता येते. आणि मेडिकलमधून सात खणांची गोळ्यांची डबी आणली, सोमवार ते रविवार, ती नाश्त्याच्या टेबलावर, फोन तिच्या शेजारीच. म्हणजे अलार्म बंद करायला हात नेला की हात डबीवरच जातो, आणि खण रिकामा दिसला की घेतली हे कळतं. दीड वर्षात गोळी राहिली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आवाज, जागा आणि वस्तू तिन्ही एकत्र आली पाहिजेत. नुसता आवाज काही करत नाही.

तेच चालण्याला लावा. सकाळचा अलार्म वाजणारा फोन उशाशी ठेवू नका, बूट ठेवता तिथे ठेवा.

रात्रीचं

फोन बेडरूमच्या बाहेर चार्ज करायचा. एवढं एकच केलंत आणि बाकी काही नाही केलंत तरी चालेल. 'पण अलार्म फोनवर आहे' हे कारण असतं, त्यासाठी दोन-तीनशे रुपयांचं सेलवरचं गजराचं घड्याळ मिळतं, ते आणा. आमचा चार्जर आता हॉलमध्ये शू-रॅकवर आहे, तिघांचेही फोन तिथे.

डिजिटल वेलबीइंगमध्ये 'बेडटाइम मोड' आहे, ठरलेल्या वेळी स्क्रीन करडी होते, रंग जातात, आणि डू नॉट डिस्टर्ब आपोआप लागतं. करड्या स्क्रीनवर रील बघून बघा, दोन मिनिटांत कंटाळा येतो. मी ते दहालाच लावलंय, झोपायच्या तासभर आधी. हा मोड चार्जिंगला लावल्यावर सुरू होईल असंही ठेवता येतं, म्हणजे शू-रॅकवर चार्जर लावला की दिवस संपला. साडेबाराची झोप अकरावर यायला मला तीन आठवडे लागले, आणि चालणं त्यानंतर जमायला लागलं, आधी नाही.

आकडे किती मनावर घ्यायचे

चालणाऱ्यांना दहा हजार पावलांचं वेड असतं. तो आकडा आला कुठून, तर जपानमध्ये १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. जाहिरातीला बरं नाव होतं, ते जगभर नियमासारखं झालं. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या जवळपास १७ हजार बायकांचा अभ्यास झाला, त्यात दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फरक दिसेनासा झाला. म्हणून तुमच्या फोनमधला पावलांचा आकडा पहिला आठवडा नुसता बघा, सरासरी काढा, आणि त्यावर हजार वाढवा. तेच तुमचं ध्येय. ॲपमध्ये आधीपासून असलेलं दहा हजारचं ध्येय बदलता येतं, बदला, कारण रोज संध्याकाळी 'अपूर्ण' बघून माणूस चालणंच सोडतो. माझी आई अशीच सोडणार होती, ४,५०० केल्यावर आता ती रोज मला फोन करून सांगते की आज झालं.

आणि चालताना बघायचं नाही. घरी आल्यावर एकदा.

सवय लागायला २१ दिवस लागतात असं सगळीकडे सांगतात, तेही असंच पसरलंय. एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात, त्यातलं 'कमीत कमी' गळलं आणि चेहराही गळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २००९ मध्ये आला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४. इतका फरक. आणि त्यातलं मला सगळ्यात धीर देणारं वाटलं ते हे, की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही.

म्हणूनच ती सलग दिवस मोजणारी ॲप मला पटत नाहीत, ४३ दिवस केलं आणि ४४ व्या दिवशी लग्नाला गेलात की शून्य. माणूस खचतो आणि सोडतो. ट्रॅकर हवाच असेल तर 'लूप हॅबिट ट्रॅकर' बघा, अँड्रॉइडवर फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि एखाददुसरा दिवस चुकला तर त्याचा गुण थोडाच खाली येतो, शून्य होत नाही. पण खरं सांगू, आमच्याकडे स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे, चाललेल्या दिवसाला मी पेनाने गोल करते. दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख आणि माझे गोल सगळं एकाच ठिकाणी. दुधाचा हिशोब लिहायला रोज तिथे जावंच लागतं त्यामुळे गोल राहत नाही. यात तंत्रज्ञान नाही म्हणाल तर नाही, पण ज्या कामाला कागद चांगला तिथे फोन आणायचाच कशाला, तो हातात घेतला की त्यात बाकीचंही असतंच.

बचतीचं वेगळं आहे

काही सवयींना भोंगा पण नको, कारण त्या दरवेळी ठरवायलाच लागू नयेत. पैसे बाजूला टाकणं ही तशी. पगार एक तारखेला होत असेल तर बँकेच्या ॲपमधून आरडी किंवा एसआयपी तीन तारखेची लावा, पैसे आपोआप कापले जातात, महिनाअखेरीला 'उरले तर टाकू' हा प्रश्नच येत नाही. रक्कम लहान ठेवा, दर दिवाळीला वाढवा. आणि त्याच बैठकीत यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून बघा, कुठल्या कुठल्या गोष्टींचे पैसे दर महिन्याला कापले जातायत, मला दोन ॲप सापडली जी मी वर्षभर उघडलीही नव्हती.

घरातल्या सगळ्यांचं

एकट्याने करता येतं, पण घरात पोरं असतील तर सगळ्यांनी केल्याशिवाय होत नाही हे माझं पक्कं मत आहे. नऊचा आवाज झाला की आमच्याकडे चारही फोन टोपलीत जातात, वेताची जुनी टोपली आहे, त्यात माझा फोन सगळ्यात आधी. पहिल्या आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसचा कॉल यायचा आणि तो अर्ध्यात उठायचा, मुलगा लगेच म्हणाला, मग मी का नाही. बरोबर होतं त्याचं. नवऱ्याने ऑफिसमध्ये सांगितलं की नऊ ते साडेनऊ मी नाही, तातडीचं असेल तर दोनदा फोन करा. आणि कोणी काही बोललं नाही, अर्ध्या तासाने जग बुडत नाही.

आणि त्या वेळात काय करायचं ते आधी तयार ठेवा. रिकामं अर्धा तास 'फोन नाही' म्हणून बसवलं तर पोरगं भांडणारच. पुस्तक टेबलावर उघडं ठेवलेलं पाहिजे, त्याला वाचायचं नसेल तर चित्र काढू दे, आजीला पेपर वाचून दाखवू दे. आमचा मुलगा सुरुवातीला तीन आठवडे नुसता क्रिकेटच्या जुन्या मासिकांतले आकडे वाचायचा, वाचू दिलं.

बिघडलं तर

बिघडतंच. महिन्या-दीड महिन्याने अलार्मचा आवाज कानाला इतका ओळखीचा होतो की हात झोपेतच तो बंद करतो. आवाज बदला, फोनची जागा बदला. गणपतीत, दिवाळीत, परीक्षेच्या दिवसांत सगळं विस्कटतं, तेव्हा भोंगा बंद करू नका, सवय छोटी करा, दहा पानांऐवजी एक पान, पण त्याच वेळी त्याच खुर्चीत. नवीन फोन घेतला की नोटिफिकेशनच्या परवानग्या पुन्हा तपासाव्या लागतात, तो रविवार पुन्हा द्यावा लागतो. आणि दर तीन महिन्यांनी पहिल्या आठवड्यासारखं नुसतं बघायचं, मी ते मुलाच्या शाळेच्या सुट्ट्यांना जोडून ठेवलंय, त्यामुळे लक्षात राहतं.

सवय लागली हे कसं ओळखायचं, तर आवाज व्हायच्या आधीच हात तिकडे जातो. सकाळी व्हॅन गेली की माझे पाय आपोआप गेटकडे वळतात, बुटाचा अलार्म मी मागच्या जूनमध्ये काढून टाकला. वाचनाचा नऊचा आवाज अजून लागतो, मुलाला लागतो आणि नवऱ्यालाही, तो राहू दिलाय. सासूबाईंचा गोळीचा मात्र कधीच काढायचा नाही असं ठरलंय, त्यांना आता त्याआधीच आठवतं तरीसुद्धा, आणि नातवाचा आवाज फुटायला लागलाय म्हणून गेल्या महिन्यात त्याने तो पुन्हा रेकॉर्ड करून दिला.